वीतभर सळई

हॉटेल मारेयाचा वरचा नवा मजला माझ्या शब्दावर उभा राहिला. सिमेंट, खडी, वाळू सगळं नंतर आलं. आधी माझा शब्द आला, आणि तोही मी रागाच्या भरात दिलेला.

आमच्या मोर्रो सेको गावात घर कधी पुरं होत नाही. गच्चीवर प्रत्येक खांबाच्या डोक्यातून सळ्या वर काढून ठेवायच्या, त्यांना आम्ही आशेच्या सळ्या म्हणतो. पोरगा लग्न करील, पोरगी उत्तरेकडे, सीमेपलीकडे जाऊन कमावती होईल, मग वर मजला चढेल. पाऊस लागू नये म्हणून सळ्यांच्या टोकांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घालायच्या. ज्याच्या गच्चीवर सळ्या नाहीत त्या घराचं पुढे काही होणार नाही असं गाव धरून चालतं, आणि बोलूनही दाखवतं. हॉटेल मारेयाच्या गच्चीवर बारा खांबांच्या सळ्या होत्या. चार-चारच्या तीन रांगा, पुढची रांग समुद्राकडे. पस्तीस वर्षं त्या तशाच उभ्या होत्या आणि मालक दोन नाबोर मेला तरी मजला काही चढला नाही. (आमच्याकडे मानाच्या पुरुषाच्या नावाआधी 'दोन' लावतात, बाईच्या नावाआधी 'दोन्या'.)

दोन नाबोरची बायको दोन्या ओब्दुलिया आता हॉटेल चालवते. तिच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला पोर मी हातात धरलं होतं, म्हणून ती मला कोंपाद्रे म्हणते आणि मी तिला कोमाद्रे. शेजारच्या सगळ्या हॉटेलांनी कात टाकली, हिचंच तेवढं जुनाट राहिलं. आजकाल पाहुणे उंचावर बसून, खाली लाटा बघत मासे खातात. जमिनीवर बसून खाल्लेला मासा त्यांना गोड लागत नाही. शेवटी तिनं वाहाका शहरातून आर्किटेक्ट आणली, ब्रिसेइदा नावाची. तीस-एकतीसची, पायात पांढरेशुभ्र बूट, बांधकामावर येताना पांढरे बूट! पण बाई हुशार होती. खालच्या खानावळीची समुद्राकडची भिंत उघडी करायची, गच्चीवर मोठं रेस्टॉरंट काढायचं, त्याच्यावर आणखी एक स्लॅब, त्या स्लॅबवर खुर्च्या आणि छोटा पोहण्याचा तलाव, असा तिचा बेत. नवं काम मागच्या दोन रांगांच्या आठ खांबांवर, पुढची रांग नंतर.

जानेवारीत ती पहिल्यांदा गच्चीवर चढली तेव्हा मी, माझा मेहुणा लाचो, आणखी चार गवंडी आणि कॉफीची किटली घेऊन आलेली दोन्या ओब्दुलिया, एवढे तिथं होतो.

"मिस्त्री, या सळ्या खाली पायापर्यंत जातात का?" तिनं विचारलं.

"मग काय आभाळातून लोंबतायत?"

गवंडी हसले. ती नाही हसली. "नकाशे सापडत नाहीत म्हणून विचारते. एक खांब फोडून बघू या. नाहीतर शहरातून यंत्र मागवते, आतलं लोखंड दाखवतं. तीन आठवडे लागतील."

माझं डोकं सणकलं. साठी उलटलेल्या मिस्त्रीला पांढऱ्या बुटातली पोरगी चार माणसांसमोर यंत्राची भाषा करते! मी एका सळईवरची बाटली काढून बाजूला ठेवली आणि सळईवर हात ठेवला.

"बाई, हे हॉटेल मी बांधलंय. या सळ्या या हातांनी बांधल्यात. सरळ पायापर्यंत गेल्यात. तुम्ही जन्मायच्या आधीपासून उभ्या आहेत, विचारा गावात कुणालाही."

गावात विचारायची गरजच नव्हती. पस्तीस वर्षं मी हेच सांगत आलो होतो. दारूच्या गुत्त्यात, बारशांना, मयतांना. ब्रिसेइदानं माझ्या हातांकडे पाहिलं. भेगाळलेले, सिमेंटनं खाल्लेले हात. मग वहीत लिहिलं, 'मुख्य मिस्त्रींनी स्वतः बांधल्याचं सांगितलं, फोडायची गरज नाही.' तिनं ते वाचूनही दाखवलं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

आता जे खरं ते. हॉटेल मी बांधलं हे खोटं नाही. माझे उस्ताद दोन सिरेनियो यांच्या हाताखाली पाया मी खणला, खालच्या भिंती मी रचल्या. पण पहिल्या मजल्याचे खांब आणि गच्चीचा स्लॅब ओतला गेला त्या नऊ दिवसांत मी कामावर नव्हतो. लाचोच्या बहिणीला, म्हणजे आताच्या माझ्या बायकोला, चेबाला, मी पळवून डोंगरात मावशीकडे नेलं होतं. आमच्याकडे पोरगी अशीच न्यायची, मग दोन्ही घरची माणसं भांडून, रडून, शेवटी जेवायला बसतात. मी परत आलो तेव्हा गच्ची तयार होती आणि वर सळ्या उभ्या होत्या. दोन सिरेनियो एवढंच म्हणाले, "आलात का नवरदेव? तुमच्या वाटचंही आम्हीच उरकलं." त्या सळ्या खाली कुठं जातात हे मी त्यांना विचारलं नाही. कशाला विचारेन? खांबाच्या सळ्या खांबातच जातात. पुढे सांगता सांगता ते नऊ दिवस माझ्या गोष्टीतून गळून गेले, आणि मलाही त्यांची आठवण राहिली नाही. जानेवारीत सळईवर हात ठेवला तेव्हा मी जाणूनबुजून खोटं बोलत नव्हतो. पण हेही सांगतो, क्षणभर थांबून आठवलं असतं तर आठवलं असतं. मी थांबलोच नाही.

तीन मे हा क्रूसाचा दिवस. आम्हा गवंड्यांचा सण. त्या दिवशी चालू कामावर फुलांनी सजवलेला लाकडी क्रूस चढवायचा, पाद्री पाणी शिंपडतो, मालक सगळ्यांना जेवू घालतो. दोन्या ओब्दुलियानं हात आखडता घेतला नाही. मिरच्यांचा काळा मोले रस्सा, शिंपल्यांचं सारण भरून पानात वाफवलेले तामाल, खड्ड्यात भाजलेलं बोकड, बर्फात बुडवलेल्या बीअरच्या बाटल्या, आणि वाजंत्री बोलावलेली, सोळा जणांची. नवा स्लॅब ओतून महिना झाला होता. त्याखालचे टेकू आम्ही आदल्या संध्याकाळीच काढले, कारण तिथं टेबलं मांडायची होती.

दुपारी एकला सगळं गाव वर. मोजून सांगत नाही, पण नव्या स्लॅबवर ऐंशीच्या वर माणसं होती. बँड वरच, मोठा ढोल वरच. आणि चिलेना सुरू झालेली. आमची चिलेना म्हणजे रुमाल हलवत हळूच सरकायचा नाच नाही, टाच आपटायची, जमिनीनं उत्तर दिलं पाहिजे. ऐंशी माणसांच्या टाचा. मी अभिमानानं फुगलो होतो. स्लॅब हूं की चूं करत नव्हता.

क्रूस मात्र पुढे, जुन्या गच्चीच्या काठावर, समुद्राकडच्या सळ्यांना बांधायचा होता. पाण्यातल्या होडीवाल्यांना तो दिसला पाहिजे, ही दोन्या ओब्दुलियाची एकच अट. म्हणून मी एकटाच पुढे, उन्हात, क्रूस आणि बांधणीची तार घेऊन. मागे, माझ्या डोक्याच्याही वर, नाच.

क्रूस सळईला लावला, तारेचे दोन वेढे दिले, पकडीनं पीळ भरला. सळई हलली. मला वाटलं तार सैल आहे. आणखी पीळ भरला. सळई आणखी हलली. मी क्रूस सोडवून खाली टेकवला, सळई दोन्ही हातांनी धरली, आणि जोर आहे का बघावं म्हणून वर ओढली.

ती निघाली. ओल्या मातीतून गाजर निघावं तशी निघाली, अख्खी, माझ्या हातात.

काय झालं ते मला कळलंच नाही. वाटलं, मोडली असेल, गंजली असेल. खालचं टोक पाहिलं. मोडलेलं नव्हतं. करवतीनं सरळ कापलेलं होतं, आणि गच्चीत गेलेला भाग जेमतेम वीतभर, त्याला चुन्याचा पांढरा गिलावा चिकटलेला. भोकात बोट घातलं. खाली काँक्रीट, गुळगुळीत, बंद. दुसरी सळई ओढली. निघाली. तिसरीला थोडा जोर लागला, पण निघाली. धावत शेजारच्या खांबाशी गेलो. तिथलीही निघाली. माझ्या पायाशी सळ्यांचा ढीग झाला, त्यांच्यावरच्या बाटल्या गच्चीभर गडगडत होत्या, आणि मागे ढोल वाजत होता.

हे दिखाऊ होतं. रस्त्यावरून दिसावं म्हणून वीतभर खोचलेलं लोखंड. आणि अशाच आठ जागांवर आम्ही नव्या सळ्या जोडून, रिंगा घालून, खांब ओतले होते. त्या खांबांना खाली धरून ठेवणारं काहीच नव्हतं. पाटावर ग्लास उभे करावेत तसे ते आठ खांब उभे होते, आणि त्यांच्यावर स्लॅब, आणि स्लॅबवर गाव टाचा आपटत होतं. आमच्याकडे जमीन वर्षातून चार-पाचदा हलते. त्या क्षणी हलली असती तर?

ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वरून खाली यायला फळ्यांचा एकच जिना होता, एकावेळी एक माणूस मावेल एवढा. ओरडलो असतो तर ऐंशी माणसं एकदम त्या कोपऱ्याकडे धावली असती.

लाचो नव्या स्लॅबखाली टेबलाशी बाटली उघडत बसला होता. मी त्याच्यापाशी गेलो. "टेकू लाव परत. सगळे. पोरांना घे. आत्ताच्या आत्ता."

"भावोजी, सण आपला आहे आज! सणाच्या दिवशीसुद्धा राबवतोस? चेबाला सांगेन हं."

मी सळई त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. त्यानं ती उचलली, दुसऱ्या टोकाकडे पाहिलं, आणि त्याचं हसू तोंडावरच विरलं.

"ही कुठली?"

"पुढच्या खांबातली. सगळ्या अशाच आहेत."

"पण तू तर म्हणालास, तू स्वतः..." तो थांबला. बोटांवर काहीतरी मोजलं. लाचोला ते नऊ दिवस विसरणं शक्य नव्हतं, त्याच्या बापानं तेव्हा बंदूक घेऊन मला शोधलं होतं. "एव्हेलियो. तेव्हा तर तू आमच्या चेबाला घेऊन डोंगरात होतास."

"हो."

"देवा रे," तो म्हणाला आणि उठला. लाचो बडबड्या आहे, पण कामाचा आहे. दोन मिनिटांत चार गवंडी बाजूला रचलेले टेकू उचलत होते, आणि कुणी विचारलं तर सांगत होते, दिव्यांच्या माळा बांधायच्यात.

मी परत पुढे गेलो आणि क्रूस खांद्यावर घेतला. आमच्या गावात वाजंत्रीसकट क्रूस चालू लागला की कुणी बसून राहत नाही. ताटावरून उठतात, आजारी माणूस खाटेवरून उठतो. मला तेवढंच सुचलं. क्रूस घेऊन फळ्यांच्या जिन्यानं मी नव्या स्लॅबवर चढलो. प्रत्येक पायरीला वाटत होतं, माझ्याच वजनानं होणार आता. वर नाच रंगात होता, आणि पायाखाली ती थरथर मला आता ऐकू येत होती. मघाशीही असणार.

बँडच्या म्होरक्याला हात करून मी वाद्यं थांबवली.

"क्रूस आधी समुद्राला न्यायचा!" मी ओरडलो. "पाणी लावून आणायचा, मग चढवायचा!"

"हे कधीपासून?" पाद्री म्हणाला. भला माणूस, हातात तामाल होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. दोन्या ओब्दुलियाही, नाचून लाल झालेली, डोक्यात बोगनवेलीचं फूल. आणि माझ्या तोंडून निघालं, "दोन नाबोरची इच्छा होती. मला सांगून ठेवलं होतं त्यानं."

म्हणजे दुसरं खोटं, क्रूस खांद्यावर असताना.

दोन्या ओब्दुलियानं छातीवर हात ठेवला. मग तिनंच सगळ्यांना हाकललं. "ऐकलं ना? चला, उठा! एकेकानं उतरा, म्हाताऱ्यांना आधी. ढोलवाल्या, तू सगळ्यांच्या शेवटी." मी आधी उतरलो, जिन्याखाली उभा राहिलो, आणि उतरणारा प्रत्येक माणूस मनात मोजला. पोरं, बायका, पाद्री, सोळा वाजंत्री. शेवटचा ढोलवाला उतरला तेव्हा कुठं मी जिन्यापासून हललो. शेजारी लाचो टेकूखाली पाचर ठोकत होता, आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

समुद्रावर गेलो. पाद्र्यानं क्रूस लाटेत बुडवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी ब्रिसेइदाला बाजूला घेतलं आणि पाठीमागे शर्टात खोचलेली सळई काढून तिच्या हातात दिली. तिनं टोक पाहिलं, हॉटेलकडे पाहिलं, रिकामा स्लॅब पाहिला. ती पळतच सुटली, मी मागोमाग.

पहिल्या मजल्यावरच्या एका खांबाचा वरचा भाग तिनं स्वतः हातोडा-छिन्नीनं फोडला. मी मागायला गेलो तर हातोडा देईना. आत सळ्या होत्या, करंगळीएवढ्या बारीक, आणि त्याही स्लॅबच्या खालीच संपलेल्या. वर काही जातच नव्हतं. तिनं दुसरा खांब फोडला, तोही तसाच. मग ती धुळीत खाली बसली.

"वहीत मी लिहिलंय," ती म्हणाली. "सही माझी आहे. एक खांब फोडायचा होता, मिस्त्री. फक्त एक."

"माझ्यामुळं नाही फोडलात."

"तुमच्यामुळंच नाही फोडला." आणि ती रडायला लागली. मला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण माझे हात वर उचलायची मला लाज वाटली.

तेवढ्यात दाराशी दोन्या ओब्दुलिया येऊन उभी राहिली. लाचोनं तिला खाली सगळं सांगितलं होतं, चेबा आणि डोंगर सोडून. ती फोडलेल्या खांबाशी गेली. आतल्या बारीक सळ्यांवर तिनं बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा. शिव्या देईल, मारेल, अशी मी तयारी केली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"कोंपाद्रे," ती म्हणाली, "या तुम्ही बांधल्यात?"

"नाही."

"जानेवारीत तर म्हणालात."

"मी तेव्हा कामावरच नव्हतो, कोमाद्रे. चेबाला घेऊन पळालो होतो. नऊ दिवस. सळ्या कुणी खोचल्या, कशा खोचल्या, मी पाहिलेलं नाही."

खाली रस्त्यावर बँड परत येत होता.

"नाबोरनं मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "जायच्या आधी आठवडाभर. 'ओब्दुलिया, गच्चीवरच्या सळ्या नुसत्या शोभेच्या आहेत, मी सिरेनियोकडून खोचून घेतल्यात, लोकांनी हसू नये म्हणून. त्यांच्यावर काही चढवू नकोस.' माझा हात धरून सांगितलं त्यानं. मी अकरा वर्षं काही चढवलं नाही."

मला वाटत होतं, आज बसायचे ते सगळे धक्के बसून झाले.

"मग जानेवारीत बोलला का नाहीत?" ब्रिसेइदानं खालूनच विचारलं.

"यांनी हात ठेवला ना सळईवर. चार माणसांत म्हणाले, मी बांधल्यात, पायापर्यंत जातात." ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता, हेच मला सोसवेना. "मी म्हटलं, कोंपाद्रे कशाला खोटं बोलतील? म्हणजे नाबोरच खोटं बोलला. मरता मरता खोटं बोलला, मी काही बदलू नये म्हणून, मी त्याच्या जुनाट हॉटेलात तशीच सडावी म्हणून. त्याचा फोटो मी गल्ल्यावरून काढला. मार्चमध्ये त्याचा दिवस होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या नावानं चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना सांगितली नाही. मेणबत्ती लावली नाही. लोक विचारायचे, तर मी सांगायचे, विसरले."

"कोमाद्रे..."

"आणि आज वर म्हणालात, क्रूस पाण्याला न्यायची त्याची इच्छा होती. मला इतकं बरं वाटलं. वाटलं, चला, एवढं तरी तो तुम्हाला खरं सांगून गेला." तिनं केसातलं फूल काढलं. "ते खरं होतं का?"

माझ्या जिभेवर 'हो' आलं होतं. एक शब्द, आणि तिचं थोडं तरी समाधान झालं असतं. या गावात माझा शब्द तोवर चालत होता.

"नाही," मी म्हणालो. "तेही खोटं होतं."

तिनं मान हलवली, जणू कुणी तिला वेळ विचारली होती आणि तिला ती माहीत नव्हती. मग शाल डोक्यावर घेतली आणि जिना उतरून, परत येणाऱ्या मिरवणुकीच्या मधून वाट काढत, एकटीच दफनभूमीकडे, नाबोरच्या कबरीकडे चालू लागली.